ऐकणे : नाताळच्या कथेतील विनम्र आज्ञापालन

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत 'ऐकणे' या एका क्रियापदाला दोन अर्थ आहेत. आवाज कानांनी टिपणे हा पहिला आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. 'तो कुणाचे ऐकत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा तो बहिरा आहे असे आपल्याला सुचवायचे नसते. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण या दोन अर्थांची मुद्दाम फारकत करते, आणि म्हणून ती आपल्याला गंमतीची वाटते. आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत 'मुलगी ऐकण्यातली आहे' असे कौतुकाने सांगतात, तेव्हाही तिच्या कानांची तारीफ चाललेली नसते.

हे केवळ मराठीपुरते नाही. हिब्रू भाषेत 'शमा' म्हणजे ऐक, आणि त्यातच 'पाळ' हाही अर्थ येतो. ग्रीक भाषेतील आज्ञापालनाचा शब्द 'ऐकणे' याच धातूपासून बनला आहे. लॅटिनमधील 'ओबेदिरे' या क्रियापदात 'आउदिरे' म्हणजे ऐकणे दडलेले आहे, आणि त्यावरूनच इंग्रजीत 'ओबे' आला. जगाच्या इतक्या कोपऱ्यांतील माणसांना ऐकणे आणि मानणे या दोन गोष्टी एकाच शब्दात ठेवाव्याशा वाटल्या, याचा विचार करण्यासारखा आहे. येशूच्या जन्माची कथा तर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकण्याचीच कथा आहे. तिच्यात पराक्रम कोणी करत नाही. कोणीतरी काहीतरी ऐकतो आणि त्याप्रमाणे उठून चालू लागतो, एवढेच घडते.

या विषयावर मी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. मी ख्रिस्ती नाही. आमची चिंचोटी डोंगराच्या पायथ्याशी, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या अंगाला. धबधब्यासाठी ती लोकांना ठाऊक आहे. वसईतील जुनी ख्रिस्ती गावे, पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, ही सारी रेल्वेच्या पश्चिमेला. त्यामुळे नाताळ आला की रस्त्यावरच्या चांदण्या आणि नाताळ गोठे पाहायला आम्ही तिकडे जायचो, पण त्या गोठ्यातील कथा मला नीट कळली ती कॉलेजात आल्यावर, मैत्रिणींकडून आणि वाचनातून. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. 'ऐकणारी मुलगी' ही शाबासकी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. म्हणून जेव्हा एका मैत्रिणीने सांगितले की मरियेचा मोठेपणा तिच्या आज्ञाधारकपणात आहे, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे इथेही तेच! दोन हजार वर्षांपूर्वीच्या कथेतही मुलीने मान खाली घालून 'हो' म्हटले आणि सगळ्यांनी तिची स्तुती केली. हे खरेच तसे आहे का, ते पाहावे म्हणून मी मूळ कथा वाचली. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झाला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. नव्या करारात चार शुभवर्तमाने आहेत, पण जन्माची कथा त्यांपैकी दोनांतच येते, मत्तय आणि लूक. मार्क आणि योहान यांनी ती दिलेली नाही. मत्तय ही कथा योसेफाच्या बाजूने सांगतो, लूक मरियेच्या बाजूने. आपण गोठ्यात जे एकत्र मांडतो, मेंढपाळ एका बाजूला आणि उंटांवरचे ज्ञानी दुसऱ्या बाजूला, ते दोन वेगवेगळ्या लेखकांकडून आणून एकत्र बसविलेले आहे.

लूकची सुरुवात मरियेपासून होत नाही. ती जखऱ्या नावाच्या वृद्ध याजकापासून होते. जखऱ्या जेरुसलेमच्या मंदिरात धूप जाळीत असताना गब्रिएल हा देवदूत त्याला दिसतो आणि सांगतो की तुझ्या वृद्ध पत्नीला, एलिझाबेथला, मुलगा होईल. जखऱ्या विचारतो, हे मी कशावरून मानू? त्याला खूण हवी आहे. देवदूत त्याला खूण देतो ती अशी, की मूल जन्मेपर्यंत त्याची वाचा बंद होते. सहा महिन्यांनी तोच देवदूत गालीलमधील नाझरेथ गावी मरियेकडे जातो. तीही प्रश्न विचारते. माझा पुरुषाशी संबंध आला नसताना हे कसे घडेल, असे ती विचारते. तिला मात्र शिक्षा होत नाही. उलट तिला सविस्तर उत्तर मिळते.

मला वाटते, सगळी कथा समजण्याची किल्ली या दोन प्रश्नांच्या फरकात आहे. जखऱ्याचा प्रश्न 'कशावरून' असा आहे आणि मरियेचा 'कसे' असा आहे. पहिला पुरावा मागतो, दुसरा समजून घेऊ पाहतो. पण त्याहूनही महत्त्वाचे हे, की मरियेने प्रश्न विचारला आणि प्रश्न विचारूनही ती आज्ञाधारकच राहिली. आज्ञापालन म्हणजे तोंड मिटून घेणे, ही आपली समजूत इथे पहिल्याच पानावर गळून पडते. तोंड मिटण्याची पाळी आली ती अनुभवी, मानकरी याजकावर. लहान गावातल्या मुलीवर नव्हे.

दुसरे असे, की तिला विचारले जाते. देवदूत निरोप देतो आणि तिच्या उत्तरासाठी थांबतो. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड याने या क्षणावर एक प्रवचन केले आहे. त्यात त्याने अशी कल्पना केली आहे की आदामापासूनचे सारे जग, आणि खुद्द देवही, श्वास रोखून या मुलीच्या ओठांकडे पाहत आहे, आणि तिने लवकर उत्तर द्यावे म्हणून तिची विनवणी चालली आहे. आज्ञा करणाऱ्यालाच होकाराची वाट पाहावी लागते अशी ही आज्ञा आहे. मग तिला आज्ञा म्हणावे की मागणी, असा प्रश्न पडतो. आमच्याकडे मुलीला मागणी घालतात ती तिच्या बापाकडे. इथे मरियेच्या बापाला कोणी विचारत नाही, वाङ्निश्चय झालेल्या योसेफालाही विचारत नाही. ज्या समाजात वाङ्निश्चय हा विवाहाइतकाच बंधनकारक होता आणि जुन्या कराराच्या नियमशास्त्रात वाङ्दत्त मुलीच्या व्यभिचाराला दगडमाराची शिक्षा सांगितली होती, त्या समाजात ती कोणाचाही सल्ला न घेता 'हो' म्हणते. गावाच्या दृष्टीने पाहिले तर यासारखी न ऐकणारी मुलगी दुसरी नसेल.

होकार देताना ती स्वतःला देवाची दासी म्हणते. मूळ ग्रीक शब्द 'गुलाम स्त्री' याच अर्थाचा आहे, तो सौम्य करण्यात अर्थ नाही. त्या काळच्या रोमन साम्राज्यात गुलाम माणसे सर्वत्र होती आणि त्यांच्या शरीरावर धन्याचा हक्क असे. असा शब्द तिने निवडावा हे मला पहिल्यांदा खटकले. परंतु आपल्याकडेही संतांनी स्वतःला देवाचा दास म्हणवून घेतले आहे. समर्थांनी तर 'रामदास' हे नावच घेतले. जो रामाचा दास झाला तो दुसऱ्या कोणाचा दास राहत नाही, हा त्यातला भाव असतो. मरियेच्या शब्दात हा भाव आहे का, हे ठरवायचे तर ती पुढे काय करते ते पाहावे लागते.

ती लगबगीने निघते आणि यहूदियाच्या डोंगराळ भागात एलिझाबेथकडे जाते. नाझरेथपासून तो भाग सुमारे शंभर किलोमीटर असेल. सोबत कोण होते, परवानगी कोणी दिली, याबद्दल लूक एक शब्दही लिहीत नाही. तिथे ती जे गीत म्हणते त्याला त्याच्या पहिल्या लॅटिन शब्दावरून 'माग्नीफिकात' असे नाव पडले आहे. त्या गीतात काय आहे? देवाने गर्विष्ठांची दाणादाण उडवली, सत्ताधाऱ्यांना सिंहासनावरून खाली ओढले, दीनांना वर उचलले, भुकेल्यांना पोटभर दिले आणि धनवानांना रिकाम्या हाताने घालवून दिले, असा त्याचा आशय आहे. नम्र मुलीच्या तोंडची ही भाषा आहे! मुंबईतल्या एखाद्या मोर्च्यात शोभावी अशी.

इथे 'नम्रता' या शब्दाकडेही थोडे पाहिले पाहिजे. आपला 'नम्र' शब्द 'नम्' म्हणजे वाकणे यापासून आला. लॅटिन शब्दाचे मूळ 'हुमुस' म्हणजे माती हे आहे. पण मरिया त्या गीतात स्वतःबद्दल जो ग्रीक शब्द वापरते त्याचा अर्थ नम्रपणा हा सद्गुण असा नाही. त्याचा अर्थ हीनदीन अवस्था, समाजात खालची पायरी, असा आहे. देवाने माझी नम्रता पाहिली, असे ती म्हणत नाही. मी किती खालच्या पायरीवर आहे ते देवाने पाहिले, असे ती म्हणते. जो स्वतःला नम्र म्हणतो तो त्याच क्षणी नम्र राहत नाही, ही अडचण तिला येतच नाही. नम्रता हा तिने अंगी बाणवलेला गुण नसून तिचा पत्ता आहे.

चर्चच्या परंपरेत मरियेच्या होकाराचा अर्थ फार लवकर लावला गेला. दुसऱ्या शतकातील इरेनियस या धर्माचार्याने हव्वा आणि मरिया यांची तुलना केली आणि म्हटले की हव्वेच्या आज्ञाभंगाने बसलेली गाठ मरियेच्या आज्ञापालनाने सुटली. गाठीची ही उपमा प्रभावी आहे, पण पुढील काळात तिचा उपयोग 'वाईट बाई आणि चांगली बाई' अशी वाटणी करण्याकडे झाला, हेही नमूद करावयास हवे.

आता योसेफ. या कथेत मला सर्वांत आवडलेले पात्र हेच, आणि त्याच्याबद्दल लोक सर्वांत कमी बोलतात. याचे कारण असे की योसेफ स्वतःच काही बोलत नाही. चारही शुभवर्तमाने चाळली तरी त्याच्या तोंडी एकही वाक्य सापडत नाही. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो. नीतिमान म्हणजे नियमशास्त्र पाळणारा. त्याला कळते की आपली वाग्दत्त वधू गरोदर आहे. नियमशास्त्राप्रमाणे तिला उघड्यावर आणण्याचा त्याला हक्क होता. देवदूत येण्याच्या आधीच तो ठरवतो की तिची बेअब्रू होऊ द्यायची नाही, गुपचूप सोडचिठ्ठी द्यायची. म्हणजे नियमाच्या अक्षराला धरून राहायचे, पण कोणाचा जीव जाईल इतके नाही. त्यानंतर त्याला स्वप्न पडते, आणि जागा झाल्यावर तो सांगितल्याप्रमाणे करतो. मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत योसेफाला चार स्वप्ने पडतात. मरियेला घरी आण, मुलाला घेऊन मिसर देशी पळ, परत ये, आणि शेवटी यहूदियात न राहता गालीलात जा. दर वेळी लेखक आज्ञेचेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे कृतीत उतरवून ठेवतो. उठ म्हटले, तो उठला. घेऊन जा म्हटले, घेऊन गेला. मध्ये कुरकुर नाही, चर्चा नाही.

मरिया प्रश्न विचारते आणि योसेफ विचारत नाही. दोघेही आज्ञाधारकच. असे का, याचे मला सुचलेले उत्तर असे आहे की योसेफाचे प्रश्न आधीच विचारून झाले होते, स्वतःशी, त्या झोप न येणाऱ्या रात्री. शिवाय त्याच्या आज्ञापालनाने काय होते पाहा. त्या समाजात पुरुषाच्या हाती बायकोची अब्रू, तिचा जीव, सगळे असते, आणि इथे तो पुरुष आपला हक्क खाली ठेवतो. गावाने त्याला हसले असेलच. 'बायकोचे ऐकतो' ही आपल्याकडे पुरुषाला शिवी आहे. योसेफाने तर बायकोला झालेल्या आज्ञेवर आपले सगळे आयुष्य उभे केले.

लूकच्या कथेत यापुढे जनगणना येते. सम्राट ऑगस्टस याचा हुकूम निघतो की प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नोंद करावी, म्हणून योसेफ गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमला जातो. (इथे इतिहासाची एक अडचण आहे. सीरियाचा सुभेदार क्विरिनियस याची माहीत असलेली जनगणना इ. स. ६ मधील आहे आणि हेरोद राजा तर इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळत नाहीत. अभ्यासकांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे.) हे आज्ञापालन सर्वांत साधे आहे. सरकारचा कागद आला की गरिबाला जावे लागते. दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या ज्यांनी चढल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मात्र याच कथेत मत्तय आपल्याला दुसऱ्या एका राजाचा हुकूम दाखवतो, आणि माझ्या मते आज्ञापालनाचा खरा प्रश्न इथे उभा राहतो.

पूर्वेकडून ज्ञानी लोक जेरुसलेमला येतात. ते तीन होते, ते राजे होते, असे मत्तय कुठेही म्हणत नाही, ती नंतरची भर आहे. हेरोद त्यांना सांगतो की मूल सापडले की मला येऊन कळवा, मलाही नमन करायचे आहे. हेरोद शास्त्र्यांना विचारतो की मसीहा कुठे जन्मायचा. शास्त्री ग्रंथ पाहून तत्काळ बरोबर उत्तर देतात, बेथलेहेम. पण त्यांच्यापैकी एकही उठून बेथलेहेमला जात नाही. अंतर आठ-नऊ किलोमीटर, साधारण चिंचोटीहून वसई गाठण्याइतके. ज्यांना पाठ होते ते बसून राहिले, ज्यांना रस्ता ठाऊक नव्हता ते ताऱ्याच्या मागे परदेशातून आले. आम्हा परीक्षेला बसणाऱ्यांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा.

पुढे ज्ञानी लोकांना स्वप्नात इशारा मिळतो आणि ते हेरोदाकडे न जाता दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परततात. म्हणजे ते राजाचा हुकूम मोडतात. हेरोद चिडतो आणि बेथलेहेम व आसपासच्या दोन वर्षांच्या आतील सगळ्या मुलग्यांना मारण्यास माणसे पाठवतो. माणसे जातात आणि मारतात. मराठी वाचकाला इथे कंस आठवल्यावाचून राहणार नाही. मध्यरात्री टोपलीत बाळ घेऊन यमुना ओलांडणारा वसुदेव आणि रात्रीच मिसरची वाट धरणारा योसेफ एकमेकांना ओळखतील. या हत्याकांडाचा उल्लेख ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या ग्रंथात नाही, म्हणून काही अभ्यासक ते घडले असे मानत नाहीत. पण कॅथलिक चर्च २८ डिसेंबर हा दिवस त्या बालकांच्या स्मरणाचा म्हणून पाळते. नाताळच्या आनंदात तिसऱ्याच दिवशी ही आठवण ठेवली आहे.

आता विचार करा. या कथेतील सर्वांत चोख आज्ञाधारक कोण? हेरोदाचे शिपाई. त्यांनी प्रश्न विचारला नाही, उशीर केला नाही, नेमून दिलेले काम केले. केवळ सांगितले ते ऐकणे हा सद्गुण असता तर या शिपायांचे पुतळे गोठ्यात मांडावे लागले असते. त्याऐवजी तिथे कोण आहेत, तर राजाचा हुकूम मोडून दुसऱ्या वाटेने गेलेले ज्ञानी. मत्तयाला जुन्या करारातील मोशेच्या जन्माची कथा इथे आठवत असणार. त्या कथेत मिसरचा राजा फारो हिब्रूंचे मुलगे जन्मताच मारा असा हुकूम सुइणींना देतो, आणि शिफ्रा व पुवा या दोन सुइणी तो पाळत नाहीत. फारोचे नावही त्या ग्रंथाने दिलेले नाही, पण दोन सुइणींची नावे नोंदली आहेत.

आपल्याकडेही हा पेच नवा नाही. आमच्या तुंगारेश्वराच्या डोंगराशी परशुरामाची कथा जोडलेली आहे, आणि परशुराम म्हटले की बापाच्या आज्ञेवरून आईचा वध करणारा मुलगा आठवतो. एकलव्याने अंगठा दिला तोही आज्ञापालन म्हणूनच. लहानपणी या कथा आज्ञाधारकपणाचे धडे म्हणून सांगतात, पण ऐकणाऱ्या मुलाच्या मनात काहीतरी टोचत राहते. नाताळच्या कथेत ते टोचणे लपवलेले नाही. एकाच पानावर दोन हुकूम समोरासमोर ठेवले आहेत, एक मूल वाचवण्याचा आणि एक मारण्याचा, आणि कोणी कोणाचे ऐकले ते दाखवले आहे.

गोठ्याचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडे. नाताळचा गोठा उभारण्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर याने इ. स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी केलेल्या देखाव्यापासून लोकप्रिय झाली असे सांगतात. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. त्यानंतर इथे ख्रिस्ती धर्माचे काम सुरू करणाऱ्यांत फ्रान्सिसच्याच पंथाचे मठवासी आघाडीवर होते. आता गोठ्यातील बैल आणि गाढव पाहा. लूकमध्ये गव्हाणीचा उल्लेख आहे, पण बैल-गाढव दोघेही नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून. तिथे देव तक्रार करतो की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखते, माझी माणसे मात्र मला ओळखत नाहीत. म्हणजे गवत खात उभी असलेली ही जनावरे शोभेची नाहीत, माणसांना लगावलेला तो टोला आहे. बैल हाकेला ओ देतो हे शेतकऱ्याच्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. मेंढपाळांचेही तसेच. त्यांनी ऐकले आणि ते धावत गेले. त्यांच्याजवळ सोडून जाण्यासारखे फारसे काही नव्हते, मेंढरे सोडली तर.

आतापर्यंत माणसांनी देवाचे ऐकल्याची गोष्ट झाली. ख्रिस्ती विचारात याची दुसरी बाजू अधिक मोठी आहे. संत पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात असे मांडले आहे की ख्रिस्ताने देवाच्या बरोबरीचा मान धरून न ठेवता स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला. म्हणजे मरियेने वापरलेला 'दास' हा शब्द पौल देवाच्या पुत्रालाच लावतो. लूक सांगतो की बारा वर्षांचा येशू जेरुसलेमच्या मंदिरात मागे राहिला, शास्त्र्यांना प्रश्न विचारत बसला, आईबाप तीन दिवस शोधत होते. सापडल्यावर त्याने त्यांनाच उलट प्रश्न केला, आणि मग त्यांच्याबरोबर नाझरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न आणि आज्ञापालन ही जोडी इथेही आहे, आईवर गेला म्हणायचा. देव माणसाच्या आज्ञेत राहतो ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. आईबापांची सेवा करीत बसलेल्या पुंडलिकाने देवाकडे वीट फेकली आणि थांब म्हटले, आणि देव अजून पंढरपुरात थांबलेलाच आहे.

ही कथा मराठीत फार पूर्वी आली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि इथली भाषा शिकून त्याने 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याची दहा हजारांहून अधिक ओव्यांची रचना, आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द. परदेशातून आलेल्या माणसाने इथल्या लोकांच्या ओवीत आपली कथा बसवावी, ही भाषेपुढची नम्रताच म्हणायची. पण ज्या राजवटीच्या आश्रयाने ते घडले तिचे हुकूम काही नम्र नव्हते, हेही वसईच्या माणसाने विसरू नये.

मला अधिक जवळचे वाटले ते पंडिता रमाबाईंचे उदाहरण. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे नाव 'मेरी रमा' ठेवण्यात आले. मेरी म्हणजे मरियाच. हे नाव देणाऱ्या भगिनींची अपेक्षा अशी होती की आता ही विदुषी चर्चच्या वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत राहील. त्यानंतर भगिनी जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या पत्रांत रमाबाई पुन्हा पुन्हा एकच मुद्दा मांडतात. देवाने मला माझी स्वतःची विवेकबुद्धी दिली आहे. एका पुरोहितवर्गाचे जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढले, आता दुसऱ्या पुरोहितवर्गाचे चढवून घेणार नाही. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांबद्दलही त्या विचारतात की आमच्या संस्कृतपेक्षा त्यात अधिक पवित्र काय आहे. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हे हिंदुस्थानातील इंग्रज बिशप परस्पर ठरवू लागले, तेव्हाही त्या ऐकून घेत नाहीत.

भगिनींना हा गर्व वाटला. पण याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात सापडलेल्या आणि टाकलेल्या बायकांना आसरा देण्यात आयुष्य घालवले. साध्या बायकांना कळेल असे मराठी बायबल हवे म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. तिथे खिळे जुळवण्याचे कामही बायकांनीच केले. ज्या बाईने बिशपांचे ऐकले नाही तिने मरियेचा होकार मराठीत आणण्यासाठी दोन परक्या भाषांपुढे विद्यार्थिनी होऊन बसणे पत्करले. 'आज्ञाधारक' हा शब्द त्यांना लावावा की लावू नये, हे मी वाचकांवर सोपवते. मी स्वतः तो लावीन.

आमच्या वसईतही असे उदाहरण आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मगुरू होते. दीक्षेच्या वेळी धर्मगुरू आपल्या बिशपला आज्ञाधारकतेचे वचन देतो. 'सुबोध बायबल' हे त्यांचे भाषांतर २०१० मध्ये आले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते वारले. पण आमच्या आधीच्या पिढीला ते आठवतात ते हरित वसई संरक्षण समितीमुळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईच्या वाड्या, विहिरी आणि पाणी वाचवण्यासाठी ते दांडग्या लोकांविरुद्ध उभे राहिले. वचनाने बांधलेला माणूस दुसऱ्या कोणाच्या दमदाटीला बांधला जात नाही, असे त्यात दिसते.

जखऱ्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. नऊ महिने तो मुका होता. मुलगा झाला, आठव्या दिवशी नातेवाईक नाव ठेवायला जमले आणि रीतीप्रमाणे बापाचेच नाव ठेवू लागले. एलिझाबेथ म्हणाली, नाही, याचे नाव योहान. नातेवाईक म्हणाले, तुमच्या घराण्यात हे नाव कोणाचेच नाही. बाईचे ऐकायला कोणी तयार नव्हते, म्हणून त्यांनी खुणा करून बापाला विचारले. जखऱ्याने पाटी मागवली आणि तिच्यावर बायकोने सांगितलेलेच नाव लिहिले. त्याच क्षणी त्याची वाचा परत आली.